हार्डनरच्या डब्यावर मराठीत इशारा हवा

महोदय,

आयसोसायनेट म्हटले की १९८४ मधली २ डिसेंबरची भोपाळची रात्र आठवते. तिथले मिथाइल आयसोसायनेट सुमारे ३९ अंशांलाच उकळते, त्यामुळे टाकीत पाणी शिरून ते तापताच त्याची वाफ वस्तीवर पसरली. त्याच कुळातली रसायने आज गल्लीबोळांतल्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांत रोज हाताळली जातात, याची जाणीव मात्र फार थोड्यांना आहे. गाडीच्या टू-के, म्हणजे दोन घटक एकत्र करून मारायच्या, रंगात तो कडक होण्यासाठी जो हार्डनर मिसळतात, त्यात बहुधा हेक्झामिथिलीन डायआयसोसायनेटपासून बनवलेली संयुगे असतात.

डब्यातला हार्डनर सहजी उडून जात नाही. पण स्प्रे गन त्याचे इतके बारीक तुषार करते की साध्या उजेडात ते दिसतही नाहीत. आमच्या घराजवळच्या गॅरेजमधला तरुण पेंटर नाकाला ओला रुमाल बांधून क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारतो आणि गन थांबली की लगेच रुमाल खाली ओढून फिनिशिंग न्याहाळतो. वास गेला म्हणजे हवा साफ झाली, असे त्याने मला अगदी खात्रीने सांगितले. पण तो वास थिनरचा असतो. आयसोसायनेट घातक पातळीला पोहोचले तरी नाकाला पत्ता लागत नाही, आणि रुमालाने तर ते मुळीच अडत नाही.

एकदा शरीराला याची ॲलर्जी जडली की पुढे अगदी अल्प मात्रेनेही दमा उसळतो आणि हातची कारागिरी कायमची सोडावी लागते. खोकला आणि छातीतली घरघर पुष्कळदा संध्याकाळी किंवा रात्री घरी आल्यावर सुरू होते, सुट्टीत कमी होते. त्यामुळे दोष धुळीला नाहीतर विडीला दिला जातो. अशा रुग्णाला डॉक्टरांनी तो काय काम करतो, हे आवर्जून विचारावे.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाने आयसोसायनेटची विषबाधा सरकारला कळवण्याच्या रोगांत घातली, परंतु तीन-चार माणसांचे गॅरेज कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्याहून अधिक डायआयसोसायनेट असलेला माल कामासाठी वापरणाऱ्याला आधी प्रशिक्षण घ्यावेच लागते. आपल्याकडे निदान डब्यावर ठळक मराठीत इशारा छापावा आणि विक्रेत्याने तो गिऱ्हाइकाला वाचून दाखवावा. कॉम्प्रेसर तर प्रत्येक गॅरेजमध्ये असतोच. श्वसनयोग्य हवेचा फिल्टर लावून त्याची हवा पेंटरच्या मास्कला जोडता येते. त्या फिल्टरसाठी आणि मास्कसाठी कामगार खात्याने छोट्या गॅरेजांना अनुदान द्यावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक