दुर्बिणीची निवड: झूम, खुणा आणि क्लिक यांची गल्लत नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रायफलवरच्या दुर्बिणींविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख लक्षपूर्वक वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला जागा मिळाली याचा नेमबाजी शिकवणारा म्हणून मला आनंद आहे. परंतु ‘फर्स्ट फोकल प्लेन’ म्हणजे एफएफपी दुर्बीण सर्वच बाबतींत सरस आणि ‘सेकंड फोकल प्लेन’ म्हणजे एसएफपी दुर्बीण झूम बदलताच निरुपयोगी, हा लेखातील निष्कर्ष अर्धाच खरा आहे, आणि एसएफपीत झूम बदलला की टरेटचे, म्हणजे नेम वर-खाली वा बाजूला सरकवण्यासाठी दुर्बिणीवर असलेल्या फिरत्या बटणाचे, क्लिकही (त्याचे ठरावीक टप्पे) बदलतात, हे विधान तर सरळ चुकीचे आहे. परभणी, हिंगोली, नांदेडकडचे पालक असे काही वाचून, सोयाबीनचे पैसे हाती येताच मुलांसाठी महागडी दुर्बीण घेऊन येतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दुर्बिणीचे पुढचे भिंग लक्ष्याची उलटी प्रतिमा आत तयार करते. मधली भिंगे ती सुलटी करतात, आणि हीच भिंगे पुढेमागे सरकवून झूम साधला जातो. रेटिकल, म्हणजे नेम धरण्याची अधिक चिन्हाची आकृती, या मधल्या भिंगांच्या आधी बसवली तर लक्ष्याबरोबर तीही लहानमोठी दिसते आणि तिच्यावरची प्रत्येक खूण कोणत्याही झूमवर लक्ष्याचा तेवढाच भाग व्यापते. ही झाली एफएफपी. रेटिकल या भिंगांच्या नंतर, डोळ्याच्या बाजूला बसवली तर ती नेहमी एकाच जाडीची दिसते आणि तिच्यामागे लक्ष्य तेवढे लहानमोठे होत राहते. ही एसएफपी. तिच्यावरच्या खुणांचे माप एकाच ठरावीक झूमवर खरे असते. बहुतेक दुर्बिणींत तो सर्वांत मोठा झूम असतो, काहींत मात्र कंपनीने मधलाच एखादा आकडा ठरवलेला असतो, त्यामुळे माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय गृहीत धरू नये.

याचा व्यवहारातला परिणाम आपल्या मैदानांवर उन्हाळ्यात सर्वाधिक जाणवतो. एप्रिल-मे महिन्यांत दहा वाजल्यानंतर काळ्या जमिनीवरची हवा अशी थरथरू लागते की 16 पट झूमवर लक्ष्य हलताना दिसते, आणि नेमबाजाला झूम 8 पटीवर आणावाच लागतो. समजा, 50 मीटरवर छर्रा 5 सेंटिमीटर खाली पडतो आणि तेवढा नेम वर धरायचा आहे. रेटिकलवरच्या खुणा ‘मिल’ या मापात असतात; एक मिल म्हणजे 100 मीटरवर 10 सेंटिमीटर, अर्थात 50 मीटरवर 5 सेंटिमीटर. तेव्हा 16 पटीवर खुणांचे माप खरे असलेल्या एसएफपी दुर्बिणीत एका मिलची खूण पुरते. झूम 8 पटीवर आणल्यावर मात्र तीच खूण 10 सेंटिमीटर व्यापते, आणि विद्यार्थ्याने सवयीने तीच वापरली तर छर्रा 5 सेंटिमीटर वर जातो. वाऱ्यासाठी बाजूला धरलेल्या नेमाचेही असेच होते. ही चूक बंदुकीची नाही की छर्ऱ्याचीही नाही, परंतु मुले दोन्ही बदलून पाहतात आणि सरावाचे आठवडे वाया घालवतात. एफएफपीत हा प्रश्न उद्भवत नाही, हे लेखकाचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

क्लिकचे मात्र तसे नाही. टरेट फिरवल्यावर दुर्बिणीतली आतली नळी सरकते आणि तिचे सरकणे पुढच्या भिंगाने तयार केलेल्या, म्हणजे झूम होण्याच्या आधीच्या, प्रतिमेवर मोजले जाते. त्यामुळे 0.1 मिलचा एक क्लिक 50 मीटरवर 5 मिलिमीटरच सरकवतो, मग झूम 4 पट असो वा 16 पट, आणि दुर्बीण एफएफपी असो वा एसएफपी. वरच्या उदाहरणात विद्यार्थ्याने खुणेने नेम धरण्याऐवजी दहा क्लिक फिरवले असते, तर उन्हाने झूम कमी करायला लावूनही छर्रा जागेवरच गेला असता. ‘एसएफपीत झूम बदलला की क्लिकही बदलतात’ हा समज दुकानांपासून मैदानांपर्यंत पसरलेला आहे. छापील मजकुराने त्याला बळ मिळू नये, ही माझी मुख्य तक्रार आहे.

एफएफपीच्या उणिवांचा तर लेखात उल्लेखच नाही. लहान झूमवर तिची रेटिकल इतकी बारीक होते की सायंकाळी किंवा झाडाच्या सावलीत ती शोधावी लागते, आणि मोठ्या झूमवर रेषा जाड होऊन छोटे लक्ष्य झाकतात. शिवाय तिची किंमत साधारणपणे जास्त असते. ठरावीक अंतरावर, एकाच झूमवर, कागदी लक्ष्यावर सराव करणाऱ्याला एसएफपीची बारीक, एकसारखी रेषाच अधिक उपयोगी पडते. टेबलावर बंदूक टेकवून अचूकतेची स्पर्धा खेळणारे अनेक जण ती मुद्दाम निवडतात. याउलट शेकडो मीटरवर, अंतर आणि झूम वारंवार बदलत, वेळेच्या दडपणाखाली काम करणाऱ्या सुरक्षा दलांतील नेमबाजाला एफएफपीवाचून अडचण होते. आमच्याकडची बहुतेक मुले 10 ते 50 मीटरच्या आतच सराव करतात. त्यांना आधी भक्कम दुर्बीण हवी, कारण स्प्रिंगच्या एअर रायफलचा धक्का मागे आणि पुढे असा दोन्हीकडे बसतो आणि त्यासाठी न बनवलेली दुर्बीण आतून खिळखिळी होते.

ज्यांच्याकडे एसएफपी दुर्बीण आहे त्यांनी ती विकण्याची घाई करू नये. 50 मीटरवर कागदावर 5 सेंटिमीटर अंतराने दोन ठळक रेघा ओढाव्यात, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती टेकवावी आणि एका मिलची खूण त्या रेघांमध्ये नेमकी बसेपर्यंत झूमचे कडे फिरवावे. जिथे ती बसेल, तिथे कड्यावर रंगाचा ठिपका द्यावा. खुणांनी नेम धरायचा असेल तेव्हा कडे त्या ठिपक्यावरच ठेवावे. झूम निम्मा केला तर खुणेचे माप दुप्पट, एवढा हिशेब आठवीतल्या मुलालाही जमतो.

एक गोष्ट मात्र दुर्बिणीच्या दुकानात जाण्याआधीच ठरवावी लागते. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसाळे यांनी 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकल्यापासून आमच्याकडे नेमबाजीची चौकशी करणाऱ्या पालकांची संख्या वाढली आहे. त्या प्रकारात आणि 10 मीटर एअर रायफलमध्ये दुर्बिणीला परवानगीच नाही. तिथे बारीक छिद्रातून पाहायची पीप साइट वापरतात. ज्या मुलाला या वाटेने जायचे आहे, त्याच्यासाठी एफएफपी आणि एसएफपी दोन्ही खर्च अनावश्यक आहेत, आणि ते पैसे नेमबाजीचे चांगले जाकीट व छर्रे यांवर खर्च झाले तर त्याचा खेळ सुधारेल. असा एकही इशारा नसलेला लेख पालकांच्या हाती पडणे मला योग्य वाटत नाही.

क्लिकविषयीच्या विधानाची दुरुस्ती आपण पुढच्या रविवारी त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक नेमबाजी प्रशिक्षक, परभणी