फिटरअण्णांस, कृष्णाकाठावरून

अण्णा, नमस्कार.

नाव छापायचं नाही अशी तुम्ही अट घातलीत, म्हणून नुसतं अण्णा. ओळखणारे ओळखतीलच. कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात काढलेला आणि रिटायर झाल्यावरही खिशात पाना घेऊन हिंडणारा माणूस आमच्या भागात दुसरा नाही.

तुम्ही आमच्या नावेच्या इंजिनाचं काम करून गेलात तेव्हापासून हे पत्र लिहायचं डोक्यात होतं, पण लिहायला बसलं की तुमच्या आधी येऊन गेलेल्या मेस्त्रीचाच राग यायचा. तो आधी काढून टाकते, म्हणजे मोकळेपणानं आभार मानता येतील.

आमची नाव कर्नाटकातल्या कागवाड तालुक्यातल्या काठावरची. लाकडी आहे, आत डिझेल इंजिन बसवलेलं. समोर खिद्रापूर, म्हणजे महाराष्ट्र. पलीकडं शेत असलेली माणसं, वैरणीचे भारे, दुधाचे कॅन, श्रावणात खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळाला निघालेल्या बायका, सगळे तिच्यातूनच जातात. 2005 आणि 2019, दोन्ही महापुरांत आबांनी ती दावं लावून वडाला बांधली आणि रात्ररात्र जागून राखली. माझे सासरे घरात कमी आणि नावेवर जास्त राहिलेले आहेत.

तर ह्या नावेच्या इंजिनाच्या खणात तेल साचायला लागलं. फळी उचलली की खाली काळं तेल आणि पाणी. आम्ही तालुक्याच्या गावातल्या मोठ्या गॅरेजच्या मेस्त्रीला आणलं. तो बुटांसकट खणात उतरला आणि आबांना म्हणाला, "म्हाताऱ्या, बाजूला हो, ऑईल ओतायची अक्कल नाही तुला." आबा मुकाट्यानं कडेला जाऊन बसले. मग ह्या शहाण्यानं धुण्याची पावडर पुडाच्या पुडा ओतली, वरून पाइपनं पाण्याचा मारा केला आणि सगळ्या खणाचं ताक करून ठेवलं. तेल कुठं गेलं नाही. साबणानं त्याचे बारीक बारीक थेंब झाले आणि ते पाण्यात मिसळून बसले. मग म्हणाला, "आता पंप लावून नदीत सोडा. नदी काय, वाहतीच आहे." एवढ्याचे पैसे घेतले आणि गेला. तेल कुठून गळतंय ते त्यानं वाकून बघितलंसुद्धा नाही.

नदीत सोडायचं म्हणजे कुठं, ते आम्हाला दिसतं. धक्क्याच्या खालच्या अंगाला गावाच्या पाण्याचं जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उचलायची विहीर आहे. त्याच्या पुढं उगार, कुडची, आणि मग आलमट्टीपर्यंत प्रत्येक गाव ह्याच पाण्यावर. विचारायला म्हणून आमचे हे ऑफिसात गेले. अलीकडच्यांनी सांगितलं नाव पलीकडं लागते तर तिकडं विचारा. पलीकडच्यांनी सांगितलं मालक कर्नाटकातला, तर कर्नाटकात विचारा. सीमाभागात राहणाऱ्याला ह्याचं नवल वाटत नाही. रेशनकार्डापासून दाखल्यापर्यंत हेच चालतं.

गावातल्या काहींचा सल्ला होता, रात्री सोडा, कोण बघतंय. तो सल्ला देणाऱ्यांच्या घरचा नळ त्याच जॅकवेलवरचा आहे.

आणि मग तुम्ही आलात. पाहुण्यांकडं आला होता, कुणीतरी सहज बोललं आणि तुम्ही धक्क्यावर उतरलात. आधी चपला काठावर काढल्या. नावेला हात लावून तो कपाळाला लावला. मग आबांकडं बघून तुमच्या कानडी हेलाच्या मराठीत विचारलंत, "मालक, उतरू का आत?" आबांना कित्येक दिवसांत कुणी मालक म्हटलं नव्हतं. ते उठून उभेच राहिले.

तुम्ही काय काय केलंत ते सगळं मला सांगता येणार नाही, त्यातलं निम्मं मला कळलंही नाही. ऑईल सील कापलं होतं एवढं कळलं. आवाज कधीपासून बदलला, कुठल्या बाजूनं हादरा बसतो, हे तुम्ही आबांनाच विचारत गेलात आणि त्यांच्या बोलण्यावरूनच नेमक्या जागी पोचलात. पंपाला तुम्ही कुणाला हात लावू दिला नाही. साबणाचं ते पाणी डब्यांनी उपसून बॅरलात भरलं आणि सावलीत ठेवलं. तेल हळूहळू वर येईल म्हणालात, आणि आलं.

पण लोकरीचं मी कुणाला सांगितल्याशिवाय राहत नाही. धनगरवाड्यावरून तुम्ही कातरलेल्या लोकरीची पोती आणायला लावलीत, तेव्हा आम्हाला वाटलं अण्णा चेष्टा करतायत. आपल्याकडच्या दख्खनी मेंढ्यांची राठ लोकर. घोंगड्या विणणारे कमी झाले, तसं तिला गिऱ्हाईक उरलं नाही. कातरायची मजुरीही निघत नाही, म्हणून कितीतरी जण ती टाकून देतात. न धुतलेल्या लोकरीला अंगचा मेणचट चिकटा असतो, म्हणून ती पाणी धरत नाही, तेल मात्र ओढून घेते, हे तुम्ही सांगितलंत आणि लगेच करून दाखवलंत. मूठभर लोकर पाण्यावर सोडली. ती तरंगली, आणि बघता बघता पांढऱ्याची काळी झाली. पिळली की तेल डब्यात, लोकर परत खणात. इंजिनाच्या पायाखाली जिथं हात जात नाही तिथं तुम्ही काठीला लोकर गुंडाळून फिरवलीत. शेवटी शेवटी फळीचे रेघारेघांचे सागवानी रंग दिसायला लागले. ते मी लग्न होऊन आल्यापासून बघितले नव्हते.

पोती देणाऱ्या धनगरानं पैसे घेतले नाहीत. "कुणाच्या तरी कामी आली, बास झालं," म्हणाला. त्यालाही ह्याच पत्रातून नमस्कार. पिळलेलं तेल तुम्ही कॅनमध्ये भरून, झाकणं घट्ट लावून, जळकं ऑईल रीतसर नेणाऱ्यांकडं पोचवायला सोबत नेलंत. वाळवीला लावायला थोडं द्या म्हणून मागणारे लगेच उभे राहिले होते, त्यांना तुम्ही हसून वाटेला लावलंत.

हे सगळं मोठंच. पण माझ्या डोळ्यांसमोरून जे हलत नाही ते वेगळंच आहे.

काम संपलं, सगळे हात धूत होते. आबा घाटाच्या पायऱ्यांकडं निघाले. तुम्ही हाक मारलीत, "मालक, थांबा की. ह्या पायानं चढला तर घसरताव." आबांचे तळपाय काळे झाले होते, दिवसभर तेलात उभे होते ते. आमच्या कुणाच्याच ध्यानात ते आलं नव्हतं. तुम्ही पोत्यातली कोरी लोकर काढलीत, खालच्या पायरीवर बसलात आणि आबांचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतलात. आबा ओशाळून पाय ओढत होते, "अहो पाय नको, पाय नको." तुम्ही ऐकलं नाहीत. टाचेच्या भेगांत तेल बसलं होतं, तिथं लोकरीची वात करून फिरवलीत. बोटांच्या बेचक्या पुसल्यात. मग दुसरा पाय. मग थोडी राख चोळलीत आणि म्हणालात, "हां, आता जावा."

त्या घाटावर शेवाळ आहे आणि आबांचं वय झालंय, एवढाच हिशोब तुमच्या मनात असेल. पण त्याच माणसाला आधी सगळ्यांसमोर म्हाताऱ्या म्हणून कडेला बसवलं होतं. त्या संध्याकाळी आबा दोन भाकरी जेवले आणि सील कसं कापलं होतं ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

चांगली माणसं असतात, हे आपण नेहमी बोलतो. आमच्या भागात तर भाषेवरून, हद्दीवरून इतकं ऐकलंय की कोण कुठल्या बाजूचा हे आधी बघायची सवयच लागून जाते. तुम्ही बघितली ती फक्त नाव आणि तिचा मालक. वीस पुढारी भाषण करून जे सांगत नाहीत ते तुम्ही पायरीवर बसून केलंत, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही.

तुम्ही सीलचे आणि वॉशरचे पैसे घेतलेत, तेही पावती दाखवून. मजुरी विचारली तर चहा मागितलात. चहात साखर कमी होती, ते माझ्या ध्यानात आहे. पुढच्या खेपेला बरोबर घालते.

कधीही या. घरच्यांना घेऊन कोपेश्वराला जायचं असेल तर आदल्या दिवशी निरोप धाडा, आबा पहिली फेरी तुमच्यासाठी राखून ठेवतील. भाड्याचं मात्र काढू नका. तुमच्याकडून भाडं घेतलं तर आबा मला घरात घ्यायचे नाहीत.

तुमची,
नाववाल्यांची सून