धर्मांची ओळख वर्तमानकाळात व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या डिसेंबरात एका शाळेच्या सहलीबरोबर मदतीला म्हणून गेलो होतो. हातकणंगल्याच्या पुढे रस्त्याच्या कडेने एक दिगंबर मुनी अनवाणी चालले होते. एका हातात मोरपिच्छी, दुसऱ्या हातात कमंडलू आणि मागे चार-पाच श्रावक, म्हणजे गृहस्थ अनुयायी. ते दिसताच सहावी-सातवीची मुले खिडक्यांकडे धावली आणि हसू लागली, आणि सोबतच्या शिक्षकांनी त्यांना आवरण्याऐवजी दुसरीकडे पाहिले. त्याच बसमध्ये शिरोळ तालुक्यातला एक जैन मुलगा होता. डबा मांडीवर घट्ट धरून तो मान खाली घालून बसला होता. हसणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना महावीरांची पंचमहाव्रते तोंडपाठ होती, कारण आदल्याच सत्रात तो प्रश्न त्यांना येऊन गेला होता. अपरिग्रह, म्हणजे जवळ काहीही न बाळगणे, हे त्यांपैकी एक व्रत आहे आणि अंगावर वस्त्रही न ठेवता ऊन-थंडीत चालणारा हा माणूस ते व्रत जगतो आहे, एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मी एकतीस वर्षे इतिहास शिकवला, त्यामुळे हा दोष माझ्याही पदरात पडतो. आपण मुलांना धर्मांची पहिली ओळख करून देतो ती भूतकाळात. ‘महावीरांनी सांगितले’, ‘बुद्धांनी उपदेश केला’ आणि मग व्याख्या, संख्या, रिकाम्या जागा. जैनांची त्रिरत्ने वेगळी, म्हणजे सम्यक दर्शन, सम्यक ज्ञान आणि सम्यक चारित्र. बौद्धांची त्रिरत्ने वेगळी, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ. पण नुसते पाठ करणारी मुले एकाची उत्तरे दुसऱ्याखाली लिहितात आणि आपण लाल शाईने गुण कापून मोकळे होतो. ज्या मुलाच्या घरी रोज बुद्धवंदना होते, तो शेजारच्या बाकावर बसलेला असतानाही बौद्ध धर्म हा सम्राट अशोकाबरोबर संपलेला विषय असल्यासारखा शिकवला जातो. १९५६ साली नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या लाखो अनुयायांनी धम्मदीक्षा घेतली, ते त्या मुलाच्या घरातले ताजे स्मरण आहे. त्याच्या आजीला विचारले तर ती तासभर बोलेल.

कोल्हापूरकरांना तर यासाठी लांब जावे लागत नाही. जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळ्याची बौद्ध लेणी आहेत. कातळात कोरलेला मंडप आणि त्याला लागून भिक्षूंच्या अरुंद खोल्या. अशा एका खोलीत मुलाला दोन मिनिटे गप्प बसवावे आणि मग विचारावे की पावसाळ्याचे महिने भिक्षू एका जागी का थांबत असत. आपल्याकडचा आषाढ पाहिलेल्या मुलाला उत्तर अर्धे तरी सुचतेच. वाटा बंद होतात हे खरे, पण विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या, परंपरेत दिलेले कारण त्याहून हळवे आहे : पावसात फिरणाऱ्या भिक्षूंच्या पायांखाली कोवळे अंकुर आणि बारीक जीव चिरडले जातात, अशी लोकांची तक्रार होती आणि त्यावरून बुद्धांनी वर्षावासाचा नियम घातला. जैन मुनी आजही याच जीवदयेपोटी चातुर्मासात विहार, म्हणजे गावोगाव पायी फिरणे, थांबवतात. त्या बसला मुनी भेटले ते डिसेंबरात, म्हणजे चातुर्मास संपल्यावर, हेही मुलांना तेव्हाच सांगता आले असते. दोन धर्मांतले साम्य आणि अंतर असे एका पावसातून उलगडते; तक्ता त्यानंतर फळ्यावर काढावा.

कुंभोजजवळच्या बाहुबली या जैन तीर्थक्षेत्री बाहुबलींच्या २८ फुटी मूर्तीसमोर उभे राहिलेले मूल बहुधा अंगावरच्या वेलींबद्दल विचारते. भावाशी झालेले युद्ध जिंकूनही राज्य सोडणारा राजपुत्र इतका काळ निश्चल उभा राहिला की वेली त्याच्यावर चढल्या, ही कथा ऐकल्यावर त्याग हा शब्द निराळा समजावून सांगावा लागत नाही.

निरनिराळ्या समाजांना आणि धर्मांच्या अभ्यासाला जागा देण्यात हे शहर उणे कधीच नव्हते. शाहू महाराजांच्या काळात उभ्या राहिलेल्या निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांपैकी काही आजही दसरा चौकाच्या आसपास आहेत. प्राकृत आणि जैन वाङ्मयाचे जगन्मान्य अभ्यासक डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी राजाराम महाविद्यालयात वर्षानुवर्षे अर्धमागधी शिकवली.

शाळांना माझी विनंती एवढीच आहे की सहावीचा जैन आणि बौद्ध धर्मांचा पाठ सुरू करण्याआधी एक दिवस पोहाळे आणि बाहुबली दाखवावे. दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतात. निघण्यापूर्वी वर्गातल्याच जैन आणि बौद्ध मुलांच्या पालकांना बोलावून घरात काय पाळले जाते ते त्यांच्या तोंडून ऐकवावे. आणि वाटेत मुनी दिसले, तर बस कडेला थांबवावी.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर