यंत्राच्या खात्यांची ओळख कधी विचारणार? केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

काल संध्याकाळी एका मोठ्या समाजमाध्यम कंपनीने आमच्या तक्रारीला उत्तर दिलं : 'आपण तक्रार केलेलं खातं आमच्या नियमांचा भंग करत नाही.' याच खात्याने माझ्या वडिलांना शेअर बाजाराच्या ग्रुपमध्ये ओढलं आणि त्यांच्या ग्रॅच्युइटीतले अकरा लाख रुपये गेले. ते खातं आज सकाळीही चालू आहे. नाव आणि फोटो तेवढे नवे आहेत.

अण्णा निवृत्त मुख्याध्यापक. कुणी सांगितलं म्हणून पैसे टाकणारे नव्हेत. कितीतरी दिवस ते नुसते वाचत राहिले. ग्रुपमध्ये दीडशेवर सभासद होते आणि दुपारी साडेतीनला बाजार बंद झाला की त्यांचे नफ्याचे मेसेज सुरू व्हायचे. तो ग्रुप मी नंतर सुरुवातीपासून वाचून काढला. ट्रॅक्टरजवळ उभ्या शेतकऱ्याचा फोटो असलेलं खातं लिहितं, 'सर आज 42,000 नफा, मुलीची फि भरली.' पुढे नथ घातलेल्या बाईंचं खातं अक्षरन् अक्षर तेच लिहितं. रक्कम तीच आणि 'फी'तली ऱ्हस्व वेलांटीही तीच. नव्या सभासदाने शंका काढली की रात्री दोन वाजतासुद्धा काही सेकंदांत पाच-सहा जण धीर द्यायला हजर. अण्णांचा विश्वास ग्रुप चालवणाऱ्या त्या 'सरां'वर बसला नव्हता, आपल्यासारख्या दीडशे साध्या माणसांवर बसला होता. त्यात खरं माणूस एक तरी होतं का, हे आम्हाला आजही कुणी सांगू शकलेलं नाही.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, ठाण्यात खेटे घातले. पैसे खात्यांमागून खात्यांत गेले, उशीर झाला, एवढंच ऐकायला मिळालं. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन लांबणीवर पडलंय. अण्णा जेवायला पानावर बसतात आणि मान वर करत नाहीत. चाळीस वर्षं गावातल्या मुलांना हिशेब शिकवलेला माणूस आहे हो तो! शेजारपाजारचे येऊन विचारतात, 'गुरुजी, तुम्ही कसे फसलात?' हा प्रश्न तुमच्या मंत्रालयाला का विचारला जात नाही?

नियम नाहीत असं नाही. 2021 चे आयटी नियम तुमचेच आहेत. तक्रार ठरलेल्या मुदतीत निकाली काढायची, तोतयेगिरीचा मजकूर काही तासांत हटवायचा, असं त्यात लिहिलंय. कंपनीने आमची तक्रार निकाली काढली, 'भंग नाही' म्हणून. कागदावर नियम पाळला गेला! त्याच नियमांत मोठ्या कंपन्यांनी खातं पडताळायची सोय द्यावी असंही आहे, पण ती ऐच्छिक. फसवणाऱ्याने स्वतःच्या इच्छेने ओळख पटवावी, ही अपेक्षा कुणी आणि कशाच्या भरवशावर ठेवली? ऑक्टोबर 2025 मध्ये एआयने बनवलेल्या मजकुरावर ठळक खूण असावी असा मसुदा तुम्ही काढलात, पुढे 2026 मध्ये तसा नियमही केलात. चांगलं केलंत. पण आमच्या ग्रुपमध्ये बनावट चित्रफीत नव्हतीच. बनावट होती ती माणसं.

हे आमच्या एका घरापुरतं नाही. 2024 या एका वर्षात देशातल्या लोकांनी सायबर फसवणुकीत 22,845 कोटी रुपये गमावले, हे तुमच्याच सरकारने संसदेत सांगितलंय. 2019 च्या पहिल्या तीन महिन्यांत फेसबुकने 200 कोटींहून जास्त बनावट खाती काढली, हा त्या कंपनीचाच आकडा. म्हणजे खोटी खाती ओळखता येतात. मग गरिबाची तक्रार आल्यावरच ती का ओळखू येत नाहीत?

माणसाला मात्र या देशात पदोपदी पुरावा द्यावा लागतो. सिमकार्डाला ओळखपत्र, तेही एका नावावर नऊच. बँकेत केवायसी. अण्णांना दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. अंगठा उमटला नाही तर पुन्हा चक्कर. जिवंत माणसाने जिवंत असल्याचं सिद्ध करायचं आणि यंत्राने दीडशे तोंडांनी बोलून म्हाताऱ्यांची पुंजी लुटली तरी त्याला कुणी नाव-गाव विचारायचं नाही. हा कुठला न्याय? सामान्य माणसावर संशय आणि कंपनीवर भरवसा, ही तुमची व्यवस्था आम्ही रेशनपासून पेन्शनपर्यंत भोगतो आहोत.

कॅलिफोर्नियात 2019 पासून कायदा आहे : विक्रीसाठी किंवा मतासाठी लोकांना फसवायला बॉट, म्हणजे यंत्राने आपोआप चालवलेलं खातं, वापरायचा नाही, तो बॉट आहे हे उघड सांगायचं. युरोपनेही 2024 च्या एआय कायद्यात, यंत्राशी बोलणाऱ्याला तसं कळलं पाहिजे, असं कलम घातलं. आपल्याकडेही तशी सक्ती करा. आपोआप चालणाऱ्या प्रत्येक खात्यावर तशी खूण हवी, मराठीत, अण्णांना चष्म्याशिवाय दिसेल एवढी. तक्रार माणसाने वाचावी आणि निकालाखाली त्याचं नाव असावं. आणि तक्रार येऊनही खातं चालू ठेवलं तर त्यानंतरच्या लुटीची भरपाई कंपनीने द्यावी.

त्या खात्याचा तपशील आणि ग्रुपमधले सगळे मेसेज छापून रजिस्टर पोस्टाने आपल्या कार्यालयाकडे पाठवते आहे. पोच नको, निर्णय कळवा.

आपली,
एका निवृत्त मुख्याध्यापकाची मुलगी