पासिंग किती आणि काट्यावर किती?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

खानदेशात शेतमालाची जवळपास प्रत्येक गाडी वजनकाट्यावर चढते. केळी असो, कापूस असो की मका, भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ माल असे तीन आकडे छापलेली पावती हातात पडते. या गाडीला आरटीओने किती वजनाची परवानगी दिली आहे, हा चौथा आकडा मात्र कोणीच विचारत नाही. तो आरसी बुकात, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकात असतो आणि आरसी बुक घरी कपाटात. काटापावतीवर हा चौथा आकडा छापणे सक्तीचे करावे, एवढ्या मागणीसाठी हे पत्र.

पिकअप घेताना ‘दीड टन पासिंग’, म्हणजे दीड टन मालाची परवानगी, असे आपण ऐकतो आणि तेच डोक्यात ठेवतो. आरसीवर मात्र दोन वजने असतात, रिकाम्या गाडीचे आणि मालासकट जास्तीत जास्त किती ते. समजा रिकामी गाडी 1,700 किलो आणि भरलेली 3,000 किलो अशी नोंद आहे. म्हणजे वर चढवायला उरले 1,300 किलो. चालक, त्याच्या शेजारी बसलेले दोघे आणि मागे उभे राहणारे हमाल हे सगळे त्या 1,300 मध्येच आले. त्यात आपण गाडी घरी आणली की तिला उंच कठडे करतो, जाळी बसवतो, पाटे म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या वाढवून घेतो. पाटे वाढवले की गाडी मागून बसत नाही, आणि मालकाला वाटते गाडीची ताकद वाढली. पण ब्रेक तेच, एक्सल तोच, चाकाचे बोल्ट तेच आणि आरसीतला आकडाही तोच. उलट कठड्यांचे आणि जाळीचे वजन मालाच्या वाट्यातूनच कमी होते. नोंदणीत दिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करू नये, असे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते. गॅरेजमध्ये हे कलम कोणी सांगत नाही.

ट्रॅक्टर-ट्रॉलीची गोष्ट याहून काळजीची आहे. ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरची शेपटी नव्हे. कलम 61 प्रमाणे तिची स्वतंत्र नोंदणी लागते, तिला स्वतःचा नंबर लागतो आणि शिवाय ओढणाऱ्या वाहनाचा नंबर तिच्यावर दिसावा लागतो. आपल्याकडे गावातल्या वर्कशॉपमध्ये चॅनेल-अँगल जोडून केलेली ट्रॉली थेट शेतात आणि तिथून हायवेवर जाते. जिची नोंदणीच नाही तिचे मान्य वजन कुठे लिहिलेले असणार? त्यात कायद्याने ट्रॅक्टर हलक्या वाहनात धरताना त्याचे रिकामे वजन पाहिले जाते आणि मर्यादा 7,500 किलोची आहे. शेतातला साधा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास असतो, त्यामुळे तो या मर्यादेत सहज बसतो. मागे ओढला जाणारा बोजा त्या हिशेबात कुठेच नसतो.

दोन चाकी ट्रॉली भरताना माल पुढे जास्त आला तर हुकावर भार पडतो आणि चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. स्टेअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर वळत नाही. आमच्या भागातल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर चालकाने ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला की मागचे चार-पाच टन त्यालाच ढकलतात आणि ट्रॉली आडवी येते. याला कोणी नशीब म्हणू नये. वजन आणि ब्रेक यांचे गणित चुकले की हे होणारच.

अलीकडे पिकअपच्या मागेही जनरेटर, पाण्याची टाकी किंवा छोटा ट्रेलर जोडून नेताना दिसतात. नोंदणीचा नियम त्यालाही तोच आहे. ‘लहान आहे, चालतंय’ ही सूट कायद्यात नाही. ट्रॉलीचा विमा वेगळा काढलेला नसेल तर अपघातानंतर कंपनी नेमके तिथेच बोट ठेवते, आणि भरपाईसाठी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढायची वेळ बाधित कुटुंबावर येते.

शेतकरी आणि गाडीवाले हे सगळे हौसेने करतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. भाडे क्विंटलमागे ठरते. शेजारची गाडी तीन टन घेऊन जात असेल तर पासिंगइतकाच माल नेणाऱ्याला त्याच भावात डिझेलही परवडत नाही. केळीच्या बागेत कटाई झाली की गाडी व्यापाऱ्याची माणसे भरतात. किती घड चढवायचे ते तेच ठरवतात, आणि रस्त्यात गाडी अडवली की दंड मात्र चालकाच्या माथी. 2019 पासून ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. हा दंड सांगणारे मोटार वाहन कायद्याचे कलम 194 नीट वाचा. गाडी चालवणाऱ्याइतकाच, तशी गाडी चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही त्यात दोषी धरला आहे. आपल्याकडे माल भरायला लावणाऱ्या व्यापाऱ्याला अशी नोटीस गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मालाच्या गाडीवर माणसे बसवण्याची सवय किती महाग पडते हे आम्ही यावल तालुक्यात पाहिले आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये किनगावजवळ पपईची गाडी उलटून किमान पंधरा मजूर गेले. मुले, बायका, एकाच घरातली माणसे. त्यानंतर काही दिवस तपासण्या कडक झाल्या आणि मग पुन्हा पहिल्यासारखेच सुरू झाले.

म्हणून म्हणतो, जिथे वजन होतेच तिथेच ते दिसू द्या. आरटीओची पथके जळगाव, धुळे, नंदुरबारच्या प्रत्येक शेतरस्त्यावर पोहोचू शकत नाहीत, पण काटा प्रत्येक गाडी ओलांडते. आरसी आता डिजिलॉकरमध्ये मोबाइलवर असते, ती काट्यावाल्याला दाखवायला मिनिटही लागत नाही. भरल्या वजनाशेजारी ‘मान्य वजन’ असा एक रकाना छापला की शेतकरी, चालक आणि व्यापारी या तिघांनाही एकाच कागदावर फरक दिसेल. व्यापाऱ्याला ‘मला माहीत नव्हते’ म्हणायची सोय राहणार नाही, आणि ‘एवढे मी नेणार नाही’ म्हणणाऱ्या चालकाच्या हातात पुरावा असेल. वजनकाट्यांची पडताळणी वैधमापन शास्त्र विभागाकडून होतेच, त्याच वेळी पावतीचा नमुनाही तपासता येईल. नोंदणी नसलेल्या ट्रॉल्यांसाठी आरटीओने तालुक्याच्या बाजार समितीच्या आवारात शिबिरे घ्यावीत आणि पहिल्या वेळी दंडाचा बडगा न दाखवता नोंदणी करून द्यावी. ट्रॉलीच्या बाजूला रिकामे आणि मान्य वजन रंगवून घेण्याची अटही तिथेच घालता येईल.

गणपतीच्या सुमारास जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांत, काटापूजन होऊन कापूस खरेदीचा मुहूर्त होतो. त्याच्या आत जिल्हा रस्ता सुरक्षा समित्यांनी बाजार समित्या आणि जिनिंगचालकांची बैठक बोलवावी आणि या हंगामाच्या पावती-पुस्तकांतच हा रकाना छापून घ्यावा.

आपला नम्र,
एक केळी उत्पादक
ता. यावल, जि. जळगाव