प्रुफे वाचण्याआधी यादी फिरवावी

महोदय,

दिवाळी अंकांची पाने लागण्याचे दिवस जवळ आले, की सदाशिव आणि नारायण पेठेतील मुद्रितशोधकांच्या टेबलांवर प्रुफांचे गठ्ठे साचतात आणि ‘महत्व’, ‘उज्वल’, ‘आर्शिवाद’, ‘कोट्याधीश’ ही नेहमीची मंडळी पकडण्यातच त्यांची नजर शिणते. हे काम प्रूफ निघण्याआधीच संगणकाकडून करून घेता येते, याकडे प्रकाशकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

केन थॉम्पसन यांनी १९७३ साली युनिक्स या संगणकप्रणालीसाठी लिहिलेला, दिलेले शब्द फाइलींमध्ये शोधून देणारा ‘ग्रेप’ (grep) हा छोटा प्रोग्रॅम लिनक्स आणि मॅकवर आयताच मिळतो, विंडोजवर तो विनामूल्य बसवता येतो. चुकीची रूपे एका ओळीत एक अशी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवायची. मग उपफोल्डरांसह शोधण्यासाठी ‘आर’, ओळीच्या क्रमांकासाठी ‘एन’, शब्द अक्षरशः जुळवण्यासाठी कॅपिटल ‘एफ’ आणि यादीची फाइल सांगण्यासाठी स्मॉल ‘एफ’ एवढे पर्याय दिले, की साऱ्या लेखांतील सापडलेल्या जागा फाइलच्या नावासह समोर येतात. वर्डच्या फाइली मात्र आधी साध्या मजकुरात बदलाव्या लागतात, कारण हल्लीच्या ‘डॉक्सएक्स’ (.docx) फाइली आतून झिप केलेल्या असतात. ते बदलणे आणि शोधणे ही दोन्ही कामे एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाला ओळीने द्यायच्या आज्ञांच्या फाइलमध्ये, बसतात.

खरी मेख मराठीच्या विभक्तीत आहे. ‘फक्त पूर्ण शब्द’ हा पर्याय निवडला, तर ‘महत्व’ सापडते आणि ‘महत्वाचा’ निसटते. तो न निवडावा, तर यादीतील ‘सत्व’ हे (‘सत्त्व’चे अशुद्ध) रूप ‘दासत्व’ या निर्दोष शब्दातही सापडते. माझ्या मते दुसरा मार्ग बरा, कारण जास्तीचे सापडलेले डोळ्यांनी गाळता येते, न सापडलेले थेट छापून येते. याच यादीने आपोआप दुरुस्ती करण्याचा मोह मात्र आवरावा, नाहीतर ‘दासत्त्व’ वाचण्याची पाळी यायची.

यादीत चुकून एक रिकामी ओळ राहिली, तर प्रत्येक ओळ ‘सापडली’ म्हणून पुढे येते. हा घोटाळा निदान दिसतो तरी. यादी विंडोजवर तयार केली असेल, तर प्रत्येक शब्दामागे ओळ संपल्याचे एक अदृश्य चिन्ह चिकटते आणि लिनक्सवर शोध घेतल्यास मजकूर जवळजवळ निर्दोष ठरतो. म्हणून माहीत असलेली एक चूक मुद्दाम पेरून आधी चाचणी घ्यावी. युनिकोड ही अक्षरांची सर्वत्र चालणारी संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या जुन्या फाँटांतील मजकुराला यातले काहीच लागू पडत नाही, तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो.

महाराष्ट्र साहित्य परिषदेसारख्या संस्थेने नेहमीच्या अशुद्ध रूपांची अशी यादी युनिकोडमधील साध्या टेक्स्ट फाइलच्या रूपात सर्वांसाठी खुली करावी आणि मुद्रितशोधनाच्या वर्गांत ती वापरून दाखवली जावी, अशी विनंती आहे. पीडीएफ नको, त्यातून शब्द उतरवून घेताना मराठी जोडाक्षरे अनेकदा मोडतात.

— एक मुद्रितशोधक, पुणे