पाटल्यांचं तू बोललीस म्हणून

लातूर,
रविवार, दुपार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच ठेवला. रागानं नाही गं. आप्पा दारात उभे होते आणि माझा आवाज फुटायला लागला होता. तू रडत होतीस आणि मी म्हणाले, चार मार्कांनी काय होतंय. तसं म्हणायला नको होतं. सीए इंटरच्या दुसऱ्या ग्रुपच्या तिन्ही पेपरांत 40 च्या वर, आणि बेरीज 150 हवी तिथं 146. तो ग्रुप निघाल्याशिवाय आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकायला, लागता येत नाही, हे तूच मला समजावून सांगितलं होतंस. चार मार्क म्हणजे काय ते तुलाच ठाऊक.

पण मी मार्कांसाठी लिहायला बसले नाही. ठेवता ठेवता तू म्हणालीस, "सीए झाले की पहिल्या पगारात तुझ्या पाटल्या करते, मग हे सोडलं तरी चालेल मला." रात्रभर तेच कानात घुमायलंय. पाटल्यांचं तुला कुणी सांगितलं? मोठ्या आजीनं?

2015 ची दिवाळी आठवती का तुला? पाऊस नव्हता, तीन एकरांत पाच कट्टे सोयाबीन झालं. आप्पा अडतीवरून आले की मालाच्या हिशोबाची पट्टी आधी तुझ्या हातात द्यायचे, पोरीला वाचायची सवय लागावी म्हणून. चौथीत होतीस. फरशीवर पालथी पडून एकेका ओळीवर बोट फिरवायलीस. वजन, भाव, हमाली, तोलाई. खाली उचल 5,000, व्याज 750. तू उठून बसलीस. "आप्पा, शेकडा 3 म्हणजे महिन्याला 150 ना? उचल तर तुम्ही जूनच्या शेवटी आणली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर." चार बोटं वर आणि अंगठा तळहातात दुमडलेला. आप्पा किती तरी वेळ त्या अंगठ्याकडं बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी 150 रुपये परत आणले. तुला कंपास घेतला, गल्लीभर सांगितलं. इथवर तुला माहीत आहे. पुढचं आम्ही सांगितलं नाही. पुढच्या मृगाला त्या दुकानानं उचल दिली नाही. "घरात हिशोब येतोय, मग पैसा बी घरातूनच काढा," असं म्हणाले. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ना लातूरला, त्याच सालची गोष्ट. बियाणाला पैसा नव्हता, पाटल्या सराफाकडं गेल्या. सुटल्या नाहीत.

त्यात तुझी काही चूक नव्हती. दहा वर्षांच्या लेकरानं बरोबर हिशोब केला, एवढंच. तू ते मनात धरून बसलीस का मनू? त्यासाठीच घेतलंस का हे सगळं?

नको, उत्तर देऊ नकोस. मी विचारणार नव्हते.

परीक्षा आता जानेवारी, मे, सप्टेंबर अशी तीनदा असते, म्हणजे फार थांबायचं नाही. पण नुसतं वाचून भागत नाही, लिहून काढ. कॉस्टिंगची गणितं घड्याळ लावून सोडव. रात्री दोन-दोनपर्यंत जागू नकोस, पहाटे उठ, मोबाईल मेसच्या मावशीकडं देऊन ठेव. बघ, लागले भाषण द्यायला. सातवी शिकलेल्या बाईनं सीएच्या पोरीला अभ्यास शिकवायचा. राहू दे, तुझं तू बघशील.

दहावीला 91 टक्के पडले तेव्हा आपल्या दारात लोकांची रांग होती. ज्या गावात जो तो नीटच्या क्लासला चाललाय, तिथं तू कॉमर्स म्हणालीस. नागूमामा तर दोन दिवस जेवला नाही आपल्याकडं. तू त्याला म्हणालीस, "मामा, मला आकडे बोलतात." मला काही कळलं नाही, पण ऊर भरून आला. त्या दिवशी मी मनाशी म्हणाले, हिला कुणी ढकललं नाही, ही आपल्या पायानं चाललीये. आता वाटायलंय, आमच्या कर्जानं तर नाही ना ढकललं?

परत तिथंच आले.

पण मला बचत गटाची वही पण आठवते. आम्ही बारा जणी, महिन्याला 100 रुपये, कर्जावर शेकडा 2. सातवीपासून ती वही तू लिहिलीस. बायका उठून गेल्या तरी तू दिव्याखाली बसलेली. दोन्हीकडची बेरीज जुळली की पट्टीनं खाली दोन रेघा ओढायचीस, आणि वही लांब धरून बघायचीस, मी नवं पातळ बघते तशी. तेव्हा पाटल्या तुझ्या मनात नव्हत्या. नव्हत्याच ना?

मला पाटल्या नकोत. हातात काचेच्या आहेत, त्या बऱ्या वाजतात. तुला हे सोडावं वाटलं तर आत्ता सोड, मी आप्पांना सांगते. बँकेची परीक्षा दे, नाहीतर घरी ये. पण पाटल्या करून मग सोडते म्हणू नकोस, मनू. इतकी वर्षं माझ्यासाठी नको काढूस.

आप्पा काही बोलले नाहीत. सकाळी कपाटातून ती पट्टी काढून बघत होते, अजून ठेवलीये त्यांनी. ट्रॅव्हल्सवाल्याकडं डबा दिलाय, शेंगाची चटणी आणि धपाटे. धपाटे आधी संपव. डब्याखाली गटाच्या वहीची दोन पानं आहेत, विकीनं झेरॉक्स काढून दिली. या महिन्यात 40 रुपये कुठं तरी चुकलेत, तीन रात्री शोधले, सापडेनात. मन झालं तरच बघ.

तुझी,
आई